आईचं लायसन्स आणि हडपसरचा सायलेन्सर

आमच्या मारुती एटहंड्रेडचा सायलेन्सर गुरुवारी संध्याकाळी स्पीडब्रेकरवर तुटला तेव्हा गाडी आई चालवत होती, आणि सोमवारी सकाळी आईची ड्रायव्हिंग टेस्ट होती. एवढं सांगितलं की बाकीचं वातावरण कुणालाही कळेल.

तुटला म्हणजे तोही धड नाही. पुढून पाइप मोडला आणि मागचं धूड एका रबरावर लोंबकळत रस्त्याला घासायला लागलं. त्यात वरून इंजिन जे गरजलं! धायरीतली सगळी कुत्री एकदम उठून उभी राहिली. आईने घाबरून ब्रेक मारला, गाडी बंद पडली, आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ती म्हणाली, "मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस," बाजूला बसलेले बाबा म्हणाले. "गंजला होता."

"मग माझ्याच हातात कशाला तुटायचं होतं त्याला?"

बाबांनी दार उघडलं. ते खाली उतरले, रुमालाने सायलेन्सर उचलायला गेले आणि रुमाल जाळून परत आले. शेवटी एका भाजीवाल्याने तारेचा तुकडा दिला. "बांधा याने," तो म्हणाला, "आणि हळू जा. आमच्याकडे लहान मूल झोपलंय." आम्ही हळूच गेलो, पण आमच्या त्या गाडीला हळू जायचा आवाजच राहिला नव्हता.

आता आईबद्दल सांगायला हवं. माझी आई, सोनाली, पतपेढीत कॅशियर आहे. नोटा मोजताना ती समोरच्याशी बोलू शकते आणि तरी चुकत नाही, इतकी ती भारी आहे. पण गाडीच्या बाबतीत तिला सगळ्यांनी एकच विचारलं, "कशाला?" दीपाली आत्या तर आमच्याच सोफ्यावर बसून, बाबांकडे बोट करत म्हणाली, "या वयात कशाला गं? अभय आहे की न्यायला-आणायला."

"ते आहेतच, ताई," आई म्हणाली. "मीही असेन."

मला हे इतकं आवडलं होतं की मी ते शाळेत तीन मैत्रिणींना सांगितलं.

पण पहिल्या टेस्टमध्ये ती नापास झाली. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती. ट्रॅकवर चढाची एक जागा असते, तिथे थांबायचं आणि मागे न येता पुन्हा निघायचं. आईची गाडी मागे आली. चांगली भरपूर मागे आली. तेव्हा तिने ठरवलं की पुढची टेस्ट आपल्याच गाडीत द्यायची, कारण आपल्या गाडीचा आवाज तिला पाठ होता. बाबांनी शिकवलंच होतं तसं. "पायाकडे बघू नकोस, आवाज ऐक. आवाज जड झाला की क्लच थांबव." म्हणजे आई गाडी कानाने चालवायची. आणि आता लर्निंग लायसन्सची मुदत टेस्टच्याच आठवड्यात संपत होती. ते संपलं की सगळं पहिल्यापासून. त्या गुरुवारी संध्याकाळी घरी भाजी निवडता निवडता ती भाजीलाच म्हणाली, "या वेळी राहिलं तर राहिलंच." मला ते ऐकू आलं आणि अजिबात आवडलं नाही. माझी आई असं बोलणारी नाहीये.

जवळच्या गॅरेजवाल्याने शुक्रवारी गाडीखाली वाकून बघितलं आणि तसाच उठला. "जुनं मॉडेल. माल मागवावा लागेल. पुढच्या आठवड्यात बघू."

"सोमवारी टेस्ट आहे हो हिची," बाबा म्हणाले.

"मग मंगळवारी या, निवांत."

शेवटी हडपसरला कंपनीत काम करणाऱ्या रणजितदादाने, म्हणजे माझ्या चुलत भावाने, फोनवर सांगितलं, "काका, हिराताईंकडे न्या. दुसरीकडे वेळ घालवू नका." म्हणून शनिवारी सकाळी आम्ही तिघं, लोंबकळणारा सायलेन्सर तारेने बांधून, गर्जना करत सबंध पुणं ओलांडून निघालो. बाबा चालवत होते. आई पुढे बसून मान खाली घालत होती, जणू कुणी ओळखेल. मी मात्र काच पूर्ण खाली करून सगळ्यांकडे बघत होते. आपल्याकडे इतके लोक वळून बघतात हे रोज रोज थोडंच होतं? स्वारगेटच्या सिग्नलला तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या एका स्कूटरवाल्या काकू शेजारी थांबल्या. बाबांकडे शांतपणे बघून म्हणाल्या, "अहो, विमानतळ त्या बाजूला."

हिराताईंचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. पण शेडच्या मागे चार मजली नवी कोरी इमारत, आणि तीही त्यांचीच. त्यांच्या सासरची शेतजमीन कधीच कंपन्यांखाली गेली. घरात पैसा आला, मुलं म्हणाली आता बस कर, आणि त्यांनी मुलांना वरचे मजले दिले, शेड स्वतःकडे ठेवली. हे सगळं त्यांनी आम्ही गाडीतून उतरायच्या आत सांगितलं. साठीच्या असतील. साडीवर पुरुषी खाकी शर्ट, कपाळावर वेल्डिंगचा काळा चष्मा, आणि दोन्ही हातांत सोन्याच्या जाड पाटल्या.

"पुण्यात सायलेन्सर दोन माणसं नीट जोडत्यात," त्या म्हणाल्या. "एक मी. दुसरा अजून सापडला न्हाय."

मी तिथेच त्यांची फॅन झाले.

गाडी खड्ड्यावर घेतली, म्हणजे खाली उभं राहून काम करता यावं म्हणून खणलेल्या लांबट खड्ड्यावर. हिराताईंनी तार कापली, सायलेन्सर खाली काढला आणि त्याला पान्ह्याने ठोकलं. मग तो उचलून तिरपा धरला. आतून पाणी आलं! खरंच, तपकिरी, कुजकट वासाचं पाणी, आणि त्याबरोबर गंजाच्या पापड्यांचा ढीग.

"हा भायेरनं गंजला न्हाय," त्या म्हणाल्या. "आतनं गंजलाय. गाडी चालवता किती?"

बाबा छाती काढून म्हणाले, "फारशी नाहीच. रविवारी विहारात जाऊन येतो, तेवढंच. आणि हिची प्रॅक्टिस, तीही सोसायटीच्या आसपास. पण रोज सकाळी पाच मिनिटं न चुकता स्टार्ट करतो. बॅटरीसाठी. मग पुसतो आणि कव्हर घालतो."

"पाच मिन्टं."

"न चुकता."

हिराताईंनी खाली सांडलेल्या पाण्याकडे बोट केलं. "इंजिन चालतं तवा वाफ सुटती, साहेब. पाइप चांगला तापला तर ती भायेर जाती. तुमी पाच मिन्टांत बंद करता. मग ती आतच बसती, पाणी व्हती, आन पत्रा खाती. रोज. तुमी हिला जीव लावून मारलीय."

बाबांचा चेहरा असा झाला की आई गुरुवारनंतर पहिल्यांदा हसली. चांगली खदखदून हसली. मग बाबाही हसायला लागले. "मी तर कव्हरही धुतो हो, महिन्यातून एकदा," ते म्हणाले, आणि आई आणखी हसली.

पुढचा तास मी विसरणार नाही. हिराताईंनी पाटल्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "घाल. खिशात नको, हातात घाल. पडायच्या न्हाईत." म्हणजे मी मळकी ट्रॅकपँट आणि सोन्याच्या पाटल्या अशा अवतारात खड्ड्यात उतरले! त्यांनी मला टॉर्च धरायला लावला आणि वरचं सगळं दाखवलं. इंजिनातून येणारा पाइप, दोन पाइप जिथे बोल्टने जोडतात ती जाड कडी, सायलेन्सर टांगायची रबरं. बोल्ट तर गंजून एकजीव झाले होते. मी म्हटलं, जोर लावून फिरवू या.

"जोर लावला की मान मोडती त्याची. आधी तापवायचा."

त्यांनी गॅसची निळी ज्योत बोल्टवर धरली. बोल्ट आधी काळा, मग जांभळट, मग पिकलेल्या डाळिंबासारखा लाल झाला. मग थोडा थंड होऊ दिला, आणि पान्हा लावून नुसता खांदा हलवला. बोल्ट फिरला! गंजलेला, किती वर्षं न हललेला बोल्ट, लोण्यातून आल्यासारखा बाहेर आला. दुसरा त्यांनी मला काढायला दिला. मी काढला. हे वाक्य मला पुन्हा लिहावंसं वाटतंय. मी काढला.

आमच्या मॉडेलचा तयार सायलेन्सर त्यांच्याकडेही नव्हता, पण त्याने त्यांचं काही अडलं नाही. दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरचा नवा डबा त्यांनी भिंतीवरून उतरवला, खाली धरून नजरेनेच मापला, पाइप कापला, वाकवला, पुन्हा धरला, पुन्हा थोडा कापला. मग मला म्हणाल्या, "तोंड फिरव." मी भिंतीकडे तोंड केलं, तर भिंतीवर वेल्डिंगचा उजेड नाचत होता आणि त्यात हिराताईंची सावली छपरापर्यंत गेली होती. वळून बघितलं तर जोडावर एकसारखी, बारीक, चंदेरी शिवण. आमच्या शिवणाच्या बाईंनी बघितली असती तर फुल मार्क दिले असते.

सगळं टांगून झाल्यावर त्यांनी गाडी सुरू करायला सांगितली आणि उदबत्ती पेटवली.

"पूजा का?" बाबांनी विचारलं.

"पूजा कशाची? गळती बघायचीय." आणि त्या खड्ड्यात उतरून उदबत्ती प्रत्येक जोडाजवळून सावकाश फिरवत गेल्या. जिथून गॅस निसटतो तिथे उदबत्तीचा धूर थरथरतो. एका जोडापाशी तो थरथरला. त्यांनी गाडी बंद करायला लावली, जोड पुन्हा सोडला, पेस्ट लावली, आवळला, गाडी पुन्हा चालू, आणि पुन्हा उदबत्ती. आता धूर सरळ वर गेला, ताणलेल्या दोरीसारखा. इतकी साधी युक्ती, आणि इतकी हुशार! मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण पाटल्यांची भीती वाटली.

"बसा ताई," हिराताई आईला म्हणाल्या. "टेस्ट तुमची ना? मग तुमीच भायेर काढा."

आई बसली. तिने किल्ली फिरवली आणि गाडीने असा कर्रर्र आवाज केला की आम्ही सगळे दचकलो. गाडी आधीच चालू होती! आईला ती चालू आहे हेच कळलं नव्हतं. तिने गियर टाकला, क्लच सोडला, गाडीने एक उडी मारली आणि बंद. पुन्हा चालू, पुन्हा उडी, पुन्हा बंद. आईने काच खाली केली.

"मला आवाज येत नाहीये," ती म्हणाली.

"येऊ न्हाय म्हणून तर केलं," हिराताई म्हणाल्या.

पण मला आणि बाबांना एकदम समजलं. आमचा जुना सायलेन्सर वर्षानुवर्षं आतून गंजत होता, फाटत होता, आणि आईने पाठ केलेला आवाज त्या फाटक्या सायलेन्सरचा होता! आता गाडी नव्यासारखी झाली होती, आणि आईला तिचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. टेस्टला मधला फक्त रविवार राहिला होता.

बाबा हळूच म्हणाले, "ताई, एखादं छोटं भोक ठेवता आलं असतं का?"

"साहेब," हिराताई म्हणाल्या, "माझ्या दुकानात भोकं बुजवत्यात."

आई स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसली होती. मला वाटलं ती आता उतरणार, दार लावणार, आणि आमच्या घरात हा विषय संपणार. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी हिराताईंनी बाबांना मागे बसायची खूण केली, हात पुसले आणि स्वतः आईच्या शेजारी येऊन बसल्या. "लायसन हाय माझ्याकडं. नवा सायलेन्सर लांब तापवल्याबिगर मी गाडी सोडत न्हाय, सांध्याची पेस्ट धरली पायजे. चला मांजरी गावाकडं. चपला काढा."

"काय?"

"चपला काढा, ताई. वेल्डिंगच्या काळ्या काचेतनं मला काय दिसतं, वाटतं तुमाला? ठिणगी. बाकी हात सांगतो. तुमाला पाय सांगंल. टाच खाली टेका. क्लच बोटांनी सोडा, हळू. पेडल थरथरलं की थांबायचं. कानाला आज सुट्टी."

आईने चपला काढल्या. डोळे मिटले. क्लच सोडत गेली, सोडत गेली... "थरथरतंय," ती कुजबुजली.

"डोळे उघडा आन् जावा," हिराताई म्हणाल्या.

आणि गाडी गेली! शेडच्या दारातून, गल्लीतून, मोठ्या रस्त्यावर. पहिला, दुसरा. मग हिराताई म्हणाल्या, "तिसरा." आईने इतके दिवस सोसायटीच्या आसपास दुसऱ्याच्या वरचा गियर कधी टाकलाच नव्हता. तिसरा टाकला. थोड्या वेळाने चौथाही. गाडीखालून थोडा धूर आला तसे बाबा ओरडले, "ताई, धूर!" तर त्या मागे न बघता म्हणाल्या, "नवा हाय. वरचं तेल जळतंय. बसा."

पुढे पुलाच्या चढावर ट्रॅफिक तुंबला होता. समोर टोमॅटोच्या क्रेट्सचा टेम्पो, मागे पीएमपीची बस, इतकी जवळ की मला ड्रायव्हरच्या शर्टाची बटणं दिसत होती. टेम्पो हलला. आईने क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. बसने हॉर्न लावला तो सोडेचना. एक बाइकवाला बाजूने जाता जाता म्हणाला, "काकू, रिक्षा करा!"

हिराताईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "का रं, बोहल्यावर बायको थांबलीय व्हय? मग जा की!" आणि तेच डोकं आत घेऊन एकदम हळू आवाजात, "ताई, त्यो हॉर्न त्याचा हाय. त्याला वाजवू द्या. तुमचं काम तुमच्या पायाखाली हाय."

आईने हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवली. मी मागून तिच्या पायाकडे बघत होते. टाच टेकलेली, बोटं हळूहळू वर येत होती. हॉर्न वाजत होता. आई थांबली. मला काहीच ऐकू येत नव्हतं, पण तिला कळलं होतं हे मला तिच्या मानेवरूनच दिसलं. हँडब्रेक सोडला. गाडी एक इंचही मागे आली नाही. ती नुसती वर गेली, टोमॅटोच्या मागोमाग, पुलावर.

बाबांनी माझा हात दाबला. पाटल्यांसकट.

त्या पुलावरून हिराताईंनी आईला पुन्हा पुन्हा नेलं. वळायचं आणि चढावर थांबायचं, समोर कुणी असो नसो. शेवटच्या फेऱ्यांना आई चपला घालून चालवत होती. दुकानाशी परत आल्यावर हिराताईंनी सायलेन्सरखाली वाकून सगळे जोड बघितले, माझ्या हातातून पाटल्या काढून घेतल्या, आणि म्हणाल्या, "जोड पक्का हाय." गाडीबद्दल बोलत होत्या, पण बघत आईकडे होत्या. घरी येताना बाबांनी चालवली, कारण आईच्या पोटऱ्या दुखत होत्या आणि ती पूर्ण रस्ताभर बोलत होती.

सोमवारी मी शाळेला दांडी मारली, अधिकृत, बाबांच्या चिठ्ठीसह. ट्रॅकच्या जाळीबाहेर मी आणि बाबा उभे होतो. आईने आठचा आकडा काढला, सुंदर काढला, कुठेही खांबाला लागली नाही. रिव्हर्सही झाला. मग ती चढावर गेली आणि रेषेपाशी थांबली.

आता गंमत अशी की जुन्या सायलेन्सरच्या वेळी आम्हाला जाळीबाहेरूनही कळलं असतं काय चाललंय ते. आता कळेना. गाडी नुसती उभी होती. चालू आहे की बंद पडली, काही म्हणजे काही समजेना. तिच्या मागचा माणूस हॉर्न द्यायला लागला. बाबा पुटपुटत होते, "टाच टेक, टाच टेक." मी जाळीत बोटं अडकवून उभी होते. मला आईचं फक्त डोकं दिसत होतं, आणि ते डोकं अजिबात घाईत नव्हतं. इतकी शांत मी तिला नोटा मोजतानाच बघितलीये.

आणि मग गाडी चढली. आवाज न करता. मागे न येता.

मी इतकी जोरात ओरडले की शेजारच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "ताई, तुमची नाही ना टेस्ट?" मी म्हटलं, "माझ्या आईची आहे!" आणि हे मी अशा आवाजात म्हटलं की तो बिचारा पुढे सरकला.

थोड्या वेळाने आई गेटमधून बाहेर आली, गाडी कडेला लावली आणि काच खाली केली. ती ओठ दाबून हसत होती. मी मागचं दार उघडून आत उडी मारली आणि तिच्या गळ्यात हात टाकले. बाबा ड्रायव्हरच्या दाराशी आले, त्यांनी दार उघडलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मला माहीतच होतं. चल, उतर आता, मी घेतो. पुढे हायवे आहे."

"म्हणूनच," आई म्हणाली. "अहो, तिकडून बसा."

बाबांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग त्यांनी दार अगदी हळू लावलं, बोनेटला वळसा घालून पलीकडे गेले आणि हँडल ओढलं. ते दार आतून लॉक होतं. आईने वाकून, हात लांब करून, त्यांना ते उघडून दिलं.